सांधणाऱ्याची सुई

६ ऑगस्ट

ती. मावशीस,

नमस्कार. वाकून केला आहे; तू बघत नाहीस म्हणून टाळलेला नाही.

फोन उचललास तरी "जे काय असेल ते लिहून पाठव" म्हणून ठेवतेस, तेव्हा लिहून पाठवते आहे. सोबत चाळीस पानं आहेत.

आमच्या कंपनीचं काम तुला एकदा सांगितलं होतं, तेव्हा तू "पत्ते का?" असं विचारलं होतंस. पत्ते नव्हेत. पाच-सहा माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: डोंगर आहे, गुहा आहे, आत राक्षस आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी पुजारी, आणि आपण काय करणार ते बोलून सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. त्या जगातले देव, राजे, नकाशे आणि नियम यांची जाडजूड पुस्तकं आम्ही तयार करतो.

माझ्या वाट्याला जखमा बऱ्या करणारा देव आला. झोर्वान महातेज. त्याच्या पुजाऱ्यांचे तीन पंथ मी केले: सुवर्णहस्त, श्वेतवीर आणि दिव्यचक्षू. माझ्या शेजारी बसणाऱ्याला युद्धाचा देव मिळाला, आणि त्याचं प्रकरण पहिल्याच वाचनात पास झालं. माझं परत आलं. आमच्या मुख्य संपादकांनी (पाठीमागे आम्ही त्यांना गरुड म्हणतो, नाकामुळे) वर एकच ओळ लिहिली होती: "देव मेलेला आहे."

वीस सप्टेंबरला बाहेरची माणसं बोलावून पुस्तकातला एकेक देव खेळून बघणार आहेत. त्या दिवशी माझा देव चालला नाही तर प्रकरण रद्द, आणि ती पानं युद्धदेवाला.

तू चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलीस. मला थोडा खरेपणा दे. कसला वास येतो, हत्यारं कशी खणखणतात, असलं काहीतरी. निरोपसमारंभात मिळालेल्या घड्याळाकडे बघत आराम करायचे तुझे दिवस, ठाऊक आहे. पण एवढं कर.

तुझी,
चिमटी


११ ऑगस्ट

चि. चिमटीस,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात ते लिहून शाई घालवणार नाही.

चाळीस पानं दोनदा वाचली. शुद्धलेखन बरं आहे. बाकीचं सांगते.

देवाचं नाव खोकल्याच्या औषधाचं वाटतं. बदल.

तीन पंथ, चारशे पुजारी, आणि चादरी धुणारं एकही माणूस नाही. पान नऊवर सुवर्णहस्त एका दिवसात साठ जखमी बरे करतात. त्या साठांच्या चादरी गेल्या कुठे? पाणी कोण तापवतं? श्वेतवीर पांढरे कपडे घालून लढतात. पांढऱ्यावर रक्त पडल्यावर काय होतं ते मला विचार. आम्ही थिएटरात हिरवं घालत होतो ते हौसेने नव्हे. दिव्यचक्षूंना म्हणे पुढचं सगळं दिसतं. मग पान बावीसवर जखमी दारात येऊन कोसळेपर्यंत ते काय करत होते? त्या रात्री पाळी कुणाची होती? पाळ्यांचा तक्ता लाव.

वास आणि खणखणाट मागितलास, तो देणार नाही. वास येतो म्हणून देव जिवंत होत नाही. मला एक सांग, तुझ्या या देवाच्या हातून आजवर काय चुकलं आहे? चाळीस पानांत मला एक चूक सापडली नाही. ज्याच्या हातून कधी काही चुकलेलंच नाही त्याच्या हाताखाली मी एक दिवस उभी राहिले नसते. तो शिकवणार काय?

तुझी आई लिहिते की तुझी नोकरी कायम झाली. कायम झालेलं माणूस वीस तारखेला इतकं घाबरत नाही.

आराम करायला मला वेळ नाही. घरातले सगळे खण लावून झाले, आता पुन्हा पहिल्यापासून लावते आहे.

मावशी


१७ ऑगस्ट

ती. मावशीस,

नमस्कार, नेहमीसारखा.

तुझं पत्र वाचून दोन दिवस चिडले होते. तिसऱ्या दिवशी झोर्वान महातेज फाडून टाकला.

आता देवाचं नाव सांधणारा. एवढंच. आणि त्याची चूक सापडली. जग नवीन असताना एक डोंगर मधोमध फाटला. सांधणाऱ्याने तो शिवला, फार सुरेख शिवला, सगळे देव बघायला आले. हात धुवायला वळला तेव्हा लक्षात आलं की सुई नाही. सुई डोंगराच्या आत राहिली. तेव्हापासून डोंगर कण्हतो, आणि तो कुठला डोंगर ते आता देवालाही आठवत नाही, कारण त्याने पुढे हजार डोंगर शिवले.

सुवर्णहस्त काढून टाकले. आता धुणारे, जागणारे आणि शिवणारे असे पंथ आहेत. महापुजारी शिवणाऱ्यांतला. चादरींसाठी एक संपूर्ण पान दिलं आहे, तुझ्या समाधानासाठी.

सोबत फासे पाठवते आहे, सात. वीस बाजूंचा मोठा तो महत्त्वाचा. एकटी बसून टाकून बघ, म्हणजे नियम कळतील.

अजून एक मदत. पुजारी म्हातारा होऊन देऊळ सोडतो, त्या वेळचा एक विधी लिहायचा आहे. तुझ्या निरोपाला मोठे डॉक्टर काय बोलले ते तू कधी सांगितलं नाहीस. चौतीस वर्षांवर चांगलंच बोलले असतील. त्यातलं एखादं वाक्य दे, मी वापरते.

नोकरीचं नंतर बोलू.

चिमटी


२२ ऑगस्ट

चि. चिमटीस,

फासे मिळाले. बाहेरून आलेली वस्तू, शिवाय किती जणांच्या हातांतून आलेली, म्हणून वीस मिनिटं उकळून घेतले. आकडे गेले. चादरींवर नंबर घालायची शाई घरात होती, तिने नव्याने घातले. आता धुतले तरी जाणार नाहीत. छोट्या फाशांतले दोन थोडे वाकले आहेत, ते भिंतीकडे घरंगळतात.

सुई आत राहिली हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. मग मनात पहिला प्रश्न आला तो लिहिते: मोजायला कोण होतं?

पोट उघडण्याआधी आम्ही मोजत असू. दोघींनी, मोठ्याने. रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे तीस, सुया सहा, चिमटे इतके, आणि ते फळ्यावर लिहायचं. टाके घालायच्या आधी पुन्हा मोजायचं. तीस म्हणजे तीस. एकोणतीस भरले तर सिस्टर म्हणते "थांबा", आणि सगळे थांबतात. मोठे डॉक्टरसुद्धा. त्यांच्या हातात सुई असते, दोरा ओवलेला असतो, बाहेर पुढचा पेशंट खोळंबलेला असतो, तरी थांबतात. सिस्टरने "पूर्ण" म्हटल्याशिवाय पोट बंद होत नाही. मला कुणी विचारलं की तुमचा अधिकार काय, तर मी सांगत असे, एक शब्द. पण तो माझा.

तेव्हा तुझ्या देवळात आणखी एक पंथ हवा. मोजणारे. सगळ्यांत खालचा. शिवणाऱ्यांच्या रांगेत त्यांना बसायला पाट नाही, पोशाख साधा, पण ते "पूर्ण" म्हणेपर्यंत महापुजाऱ्याचा मंत्र लागणार नाही. देवाला चूक झाल्यावर जे सुचलं असेल ते हेच.

निरोपाचं वाक्य माझ्या लक्षात नाही. भाषणं सगळी सारखीच असतात.

मावशी


२९ ऑगस्ट

ती. मावशीस,

मोजणाऱ्यांचा पंथ लिहिताना पहिल्यांदा मला वाटलं की मी काहीतरी करते आहे. गरुडांनीही वाचून "हं" म्हटलं. ते सहसा "हं" म्हणत नाहीत.

पण काल ऑफिसात आपापसांत खेळून बघितलं आणि पचका झाला. युद्धदेववाला महापुजारी झाला होता, मी मोजणारी. तो जखम शिवायला निघाला की मी फासा टाकून म्हणणार "थांबा", मग सगळे शोधणार. मी तीनदा थांबवलं आणि तिन्ही वेळा सगळं पूर्ण निघालं. तोवर शत्रू दारात. युद्धदेववाला चिडला. "ही बाई थांबवते आणि निघत काहीच नाही. फुकट थांबवलं तर हिला काही शिक्षा आहे की नाही?" सगळ्यांना पटलं. गरुड म्हणाले, "बरोबर आहे. चुकीचं थांबवलं तर मोजणारा पंथातून बाहेर. घाल तसा नियम."

नियम तर्काला धरून आहे. खेळ भरभर चालेल. पण लिहायला बसले की हात चालत नाही, आणि का ते सांगता येत नाही. वीस तारखेला तीन आठवडे राहिले. घालू का?

चिमटी


१ सप्टेंबर

चिमटे,

घालू नकोस.

कारण मागशील म्हणून सांगते. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

मी निवृत्त झाले त्या आठवड्यातला बुधवार. साधं ऑपरेशन, संपत आलेलं. मोजले तर गॉज एकोणतीस. पुन्हा मोजले, एकोणतीस. मी म्हटलं, थांबा. मोठे डॉक्टर थांबले. बादली उपसली, चादरी झटकल्या, दिव्याखाली फरशी बघितली, मदतनीस टेबलाखाली आडवा झाला. बावीस मिनिटं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई घड्याळ बघत होत्या. शेवटी तो मदतनीस खालूनच म्हणाला, "सिस्टर, तुमचा पाय जरा उचला." तिसावा तुकडा माझ्या बुटाच्या तळाला चिकटलेला होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आता एक चष्मा बुटांनाही लावा." सगळे हसले. वाईट बोलले असं नाही. मीही त्यांच्या जागी कदाचित हसले असते. पण चौतीस वर्षं मी जो शब्द उच्चारत होते, तो त्या दिवशी हसण्यावारी गेला. शनिवारी निरोपसमारंभ होता. मी गेले नाही. डोकं दुखतं असं कळवलं. घरी सांगायला काहीतरी हवं म्हणून भिंतीवरचं घड्याळ मीच विकत आणलं. चांगलं चालतं.

आता ऐक. त्या दिवशी तिथे दोन नव्या मुली शिकायला उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. पुढे कधी त्यांच्यापैकी एकीला तुकडा कमी भरेल, मोठे डॉक्टर घाईत असतील, आणि तिला माझा बूट आठवेल. ती म्हणेल, असेल इथेच कुठे तरी. तिला शिक्षा करायचीसुद्धा गरज नाही, हसणं पुरे आहे. तू तर पंथातून हाकलते आहेस.

शंभरदा थांबवलं आणि शंभरदा पूर्ण निघालं तर ते काम झालं. फुकट गेलं असं म्हणणाऱ्याला पोटात सुई घेऊन चालायला लाव.

तेव्हा नियम उलटा कर. कसा ते तुझं तू बघ, लेखिका तू आहेस.

मावशी


१२ सप्टेंबर

ती. मावशीस,

तुझं पत्र चारदा वाचलं. घड्याळाबद्दल कुणाला सांगणार नाही. तुझं एक गुपित माझ्याकडे आलं, आता माझं एक घे: नोकरी कायम झालेली नाही. सहा महिन्यांची परीक्षा आहे आणि ती वीस तारखेलाच संपते. देव गेला तर मीही जाते. आईला आधीच कायम झाले असं सांगून बसले, कारण तिने तीन घरी सांगून टाकलं होतं. तू पहिल्याच पत्रात ओळखलंस तेव्हा घाम फुटला होता.

नियम केला. पान एकतीस. उतरवून पाठवते:

"मोजणाऱ्याने थांबवलं आणि शोधाअंती सर्व पूर्ण निघालं, तर महापुजाऱ्याने काम संपल्यावर उभं राहावं आणि सर्वांसमक्ष, मोठ्या आवाजात म्हणावं: थांबवलंत, बरं केलंत. हे म्हटल्याशिवाय त्याचा पुढचा मंत्र लागत नाही. सांधणारा स्वतः हे वाक्य दररोज म्हणतो. ते ज्याला म्हणावं असं त्या दिवशी कुणी नव्हतं."

गरुडांना दाखवायला गेले. ते नकाशांच्या गठ्ठ्यात बुडाले होते. मान वर न करता म्हणाले, "शिक्षेचा नियम घातलास ना?" मी म्हटलं, "नाही घातला." ते म्हणाले, "आता वेळ नाही, वीस तारखेला काय ते दिसेल. पण जबाबदारी तुझी." गुडघे कापत होते. तू मोठ्या डॉक्टरांना थांबवायचीस तेव्हा तुझेही कापायचे का?

चिमटी


१५ सप्टेंबर

चि. चिमटीस,

दर वेळी. म्हणून टेबलाला टेकून उभी राहत असे. तूही टेकून बस.

"त्या दिवशी कुणी नव्हतं" हे वाक्य चांगलं आहे. त्याला हात लावू देऊ नकोस.

मोठा फासा सोबत परत पाठवते आहे, तोच वापर. वीसचं एकवीसला लिही. दोन ओळी पुरेत.

मावशी


२१ सप्टेंबर

ती. मावशीस,

दोन ओळींत बसत नाही, रागावू नकोस.

सहा माणसं आली. त्यांतला एक दंतवैद्य, तो महापुजारी झाला. तोंडात हात घालायची सवय असलेल्या माणसाला तेच आवडणार. मोजणारी झाली एक बस चालवणारी बाई. धिप्पाड, शांत. तिने विचारलं, "माझ्या हातात काय काय आहे?" सूत्रधार म्हणाला, "एक शब्द." ती म्हणाली, "चालेल. मलाही बस थांबवायला एकच ब्रेक लागतो."

पहिली जखम. तिने थांबवलं. शोधलं, सगळं पूर्ण. दंतवैद्याने पान एकतीस वाचलं, कपाळाला आठ्या घालून उभा राहिला आणि पुटपुटला. सूत्रधार म्हणाला, "मोठ्या आवाजात असं लिहिलं आहे." त्याने पुन्हा म्हटलं. बाईने मान डोलावली, जणू कुणी बसमधून वेळेवर खाली उतरलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तसंच. या वेळी तो हसत उभा राहिला. तिसऱ्या वेळी तो उठायच्या आधीच बाकीचे चारही जण उठले आणि सगळ्यांनी मिळून म्हटलं. बाईसुद्धा हसली. शेजारच्या टेबलावर युद्धदेवाचा खेळ चालू होता, तिथले लोक माना वळवून बघायला लागले.

मग आला कण्हणारा डोंगर. वरून दगड कोसळताहेत, खाली गाव, हातात दोनच डाव, आणि मंत्र लागला की जिंकले. दंतवैद्याने फासा उचलला. टाकणार तोच थांबला, बाईकडे वळला आणि म्हणाला, "मोजणारे, पूर्ण का?" स्वतःहून, मावशी. तिने फासा टाकला आणि म्हणाली, "नाही. काहीतरी आत आहे."

सांधणाऱ्याची सुई होती. सगळे वेडे झाले. एक कॉलेजातली मुलगी खुर्चीवर चढली.

गरुड सुरुवातीपासून चहाचा कप घेऊन दाराशी उभे होते. शेवटी आत येऊन बसले होते, चहा तसाच. माणसं गेल्यावर म्हणाले, "पान एकतीस राहू दे." मग म्हणाले, "तूही राहा." आईला पुन्हा काही सांगावं लागणार नाही, तिला महिन्यापूर्वीच कळलं आहे.

खेळात वापरला तो तुझा उकळलेला फासा. पुस्तकात पहिल्या पानावर काय छापायचं ते मी ठरवलं आहे. विचारणार नाही, तू नाही म्हणशील.

कायम झालेली,
चिमटी


१९ डिसेंबर

चि. चिमटीस,

पुस्तक मिळालं, सोबत फासाही परत आला. पहिलं पान पाहिलं. "जिने मोजलं तिला" असं छापायची काही गरज नव्हती. बांधणी मजबूत आहे.

खेळायला पाच माणसं लागतात असं मागच्या पानावर लिहिलं आहे, म्हणून जमवली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सूत्रधार केलं. माणसांना गुंगवण्यात त्यांची हयात गेली. मदतनीस आला, त्याची सूनही आली. पाचवं माणूस मी आणते असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. तेही गेल्या महिन्यात निवृत्त झाले. बायको म्हणते, घरातले सगळे खण लावून झाले आहेत. मी दार उघडलं, म्हटलं, या. ते आपल्या बुटांकडे बघत आत आले.

त्यांनी महापुजारी घेतला, अर्थात. मी मोजणारी. मदतनीस योद्धा झाला आणि दहा मिनिटांत पोटात भाला खाऊन आडवा पडला. म्हणाला, टेबलाखाली जाण्याची सवय आहे. मध्येच सुनेने भिंतीकडे बघून विचारलं, "घड्याळ छान आहे, निरोपाला मिळालं का?" मी म्हटलं, "नाही, मीच आणलं." मोठे डॉक्टर बराच वेळ घड्याळाकडे बघत होते.

योद्ध्याचं पोट ते शिवायला निघाले. मी फासा टाकला आणि म्हटलं, थांबा. त्यांचा हात हवेत तसाच राहिला, पूर्वी राहायचा तसा. शोधाशोध झाली. डॉक्टरीणबाईंनी निकाल वाचला: सर्व पूर्ण, थांबवणं चुकलं, तोवर शत्रूने फाटक तोडलं.

मी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी पान एकतीस वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. मग टेबलाला धरून उभे राहिले. गुडघा वाजला. मोठ्या आवाजात म्हणाले, "थांबवलंत, बरं केलंत." बसले.

डॉक्टरीणबाई पुढचा प्रसंग सांगू लागल्या, तर ते पुन्हा उठले. माझ्याकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हणाले, या वेळी हळू.

मी म्हटलं, "नियमात एकदाच आहे."

ते म्हणाले, "ठाऊक आहे. टाका फासा, सिस्टर."

मावशी